सात नंबरची नळी

रक्तातला पीएसए मोजायचं मशीन आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये आलं, त्या दिवशी मी जेवायचं विसरले. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं, मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते, आणि तोवर आमच्याकडं साखर, कावीळ, हिमोग्लोबिन यापलीकडं फारसं काही होत नसे. आता मात्र पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली जी सुपारीएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिच्यात काही बिघडू लागलं असेल तर नुसत्या रक्तावरून सुगावा लागणार होता. तोही माणसाला काडीचा त्रास नसताना! मशीनबरोबर आलेलं माहितीपत्रक मी इतक्यांदा वाचलं की लॅबचे मालक डॉक्टर म्हणाले, "बाई, परीक्षेला बसताय का त्याच्या?"

माझ्या आनंदाला घरचं कारण होतं. आदल्या वर्षीच माझे थोरले चुलते प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले होते. कंबर दुखते म्हणून त्यांनी वर्षभर तेल चोळून घेतलं. लघवीला सारखं उठावं लागतं ते वयामुळं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. सांगलीला आणलं तेव्हा आजार हाडांत उतरला होता. "जरा आधी यायला हवं होतं," मूत्ररोगाचे मोठे डॉक्टर मान हलवत म्हणाले. त्या 'जरा आधी'चा मला असा संताप आला होता! आधी म्हणजे कधी? दुखत नसताना कोण कशाला येईल? आणि आता हे मशीन नेमकं तेच सांगत होतं, की दुखायच्या आधी या. शिवाय एका भावाला हा आजार झाला की दुसऱ्याला धोका जास्त, हेही मी वाचलं होतं. दुसरा भाऊ म्हणजे माझे वडील.

त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. लष्करातनं हवालदार होऊन निवृत्त झालेले, साठीला टेकलेले, वडूजच्या पलीकडं आमच्या कोरडवाहू गावात राहायचे. पुढच्याच रविवारी मी एसटीनं गाव गाठलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू झाले.

"आप्पा, रगत द्या."

"कशाला? मला काय धाड भरलीया?"

"काय झालं न्हाई म्हणूनच द्यायचं."

"हे बरं हाय! काय झालं न्हाई म्हणून दवाखाना. पोरी, लष्करातनं भायेर पडलो तवा एकदम फिट हुतो मी. कागद हाय पेटीत, दावू का?"

तो कागद आम्हाला लहानपणापासून पाठ होता. मी चुलत्यांची आठवण काढली, रागावले, रुसले, शेवटी जेवायला नाही म्हणाले. तेव्हा कुठं त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

"एकट्यानं दिलं की गाव म्हणंल, ह्यालाबी भावाचं दुखणं लागलं. एकटा न्हाई द्यायचा. समद्या कंपनीचं घे, मग मीबी देतो."

कंपनी म्हणजे गावातले निवृत्त फौजी. आमच्या गावात त्यांना तोटा नव्हता. आणि मला तर हे हवंच होतं, कारण त्या तपासणीचं किट एकदा उघडलं की एका माणसासाठी वापरून परवडत नसे, एका दमात बरीच रक्तं लावावी लागत. डॉक्टरांनी लगेच होकार दिला.

दोन आठवड्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बावीस जण जमले, इस्त्रीचे शर्ट घालून, मिशांना तेल लावून. माझ्याबरोबर लॅबमधले जतचे काका आले होते, त्यांचा हात फार हलका. सुई त्यांची आणि वही माझी, असं आम्ही आधीच ठरवलं होतं, कारण आप्पांच्या दंडात सुई घालायची माझी छाती नव्हती. यादी आप्पांनी सांगितली ती हुद्द्याप्रमाणं. आधी नायब सुभेदार, मग हवालदार, मग नाईक, शेवटी शिपाई. एरवी गावात वरची आळी मराठ्यांची आणि खालची आमची, बौद्धांची. त्या यादीत आळी नव्हती, नुसता हुद्दा होता. हवालदारांतले शेवटचे म्हणून आप्पा सहा नंबरला आणि नाईकांतले पहिले म्हणून त्यांचे वरच्या आळीतले जिगरी दोस्त सात नंबरला. नळ्यांवर एक ते बावीस आकडे चिकटवून मी त्या काकांपुढं ओळीनं लावल्या आणि बर्फाचा डबा भरायला आत वर्गात गेले.

बाहेर आप्पांचा आवाज गरजला, सगळे ओळीत उभे राहिले. तेवढ्यात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. वडूजला राहणारे एक निवृत्त सुभेदार बातमी ऐकून आले होते. टाचा जुळल्या, सॅल्यूट झाले, हशा झाला. मी आतूनच ओरडले, "काका, एक नळी वाढवा, तेवीस नंबर!" आणि वहीत तेविसाव्या ओळीत सुभेदारांचं नाव घातलं. माणूस शेवटी आला, त्याला शेवटचा नंबर. इतकं सरळ होतं ते माझ्या मते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तपासणी लावली. प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या आपापल्या खळग्यात जातो, औषधं घातली की शेवटी पिवळा रंग चढतो, आणि जितका गडद रंग तितका पीएसए जास्त. एकेक खळगा फिकट पिवळा होत गेला आणि मधोमध एकच पिवळाधमक झाला, हळदीचं बोट बुडवल्यासारखा. मशीननं आकडे छापले. तेव्हा चारच्या आत ठीक धरत. मी आधी सहा नंबर बघितला तर तो एकच्या आसपास. आप्पा सुटले! मग सात नंबर बघितला तर अकराच्या वर.

"सापडला!" मी अशी किंचाळले की शेजारच्या गुळाच्या अडतीतला माणूस दारात येऊन उभा राहिला. "काय सापडलं हो?" त्यानं विचारलं. मी त्याला काय सांगणार? मी नाचायचीच बाकी होते. एक माणूस आजाराच्या आधी गाठला होता, तो 'जरा आधी' माझ्या हातात आला होता. तो माणूस आप्पांचा दोस्त आहे, त्याला बायकापोरं आहेत, याचं मला त्या घटकेला भानसुद्धा नव्हतं. अजून आठवलं की लाज वाटते.

डॉक्टरांनी मला जमिनीवर आणलं. "एका आकड्यावर कॅन्सर ठरत नाही. ग्रंथी नुसती वाढली, सुजली तरी आकडा चढतो. ताजं रक्त मागवा."

गावच्या पोस्टात फोन करून निरोप दिला. बुधवारी सात नंबरचे नाईक आले आणि सोबतीला अर्थातच आप्पा. नाईकांचा चेहरा उतरलेला, पण तोंड सुरूच होतं. "पोरी, काय खरं हाय का माझं? का बांधाबांध करू?" काकांनी रक्त घेतलं. दोघांना बाहेरच्या बाकड्यावर बसवून मी भडंगाची पुडी हातात दिली.

दुपारी आकडा आला तो एकच्याही खाली.

डॉक्टरांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच आलं. ते माझ्याकडं वळले. "बाई, हे रक्त चांगलं आहे. मग ते सात नंबरचं कुणाचं?"

काका शपथेवर सांगत होते की नळ्या त्यांनी ओळीनंच वापरल्या. म्हणजे तेविसातल्या कुणाच्या तरी अंगात तो आजार होता, आणि त्याला मी 'सर्व ठीक' असा कागद देऊन बसले होते. मी धावतच बाकड्यापाशी गेले.

"आप्पा, त्या दिवशी ओळ मोडली हुती का?"

"आमची? ओळ?" आप्पांना रागच आला. "फॉल इन झाल्यावर कोण हालतंय गं?"

"मग सुभेदार सायेब शेवटाला हुबे ऱ्हायले न्हवं?"

दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी भर बाजारात काही वंगाळ बोलले होते.

"शेवटाला? सुभेदार शिपायाच्या मागं?" नाईक म्हणाले. "हवालदाराची पोर ना गं तू? त्येंला पयल्या नंबरला घेतलं. आमी समदे येकेक पाऊल मागं सरलो. मी आठवा हुतो."

आणि बोलता बोलता त्यांचा भडंगातला हात थांबला. नाईक आठवे, तर त्यांच्या पुढचा सातवा कोण, ते मोजायला वही लागत नव्हती. हवालदाराची पोर असून मला ते सुचलं नव्हतं. फौजी कितीही वर्षांपूर्वी निवृत्त झाला तरी वरिष्ठाच्या पुढं उभा राहणार नाही.

आप्पांनी हात झटकले, शर्टाची बाही दुमडली. "काढ."

"काकांना बोलवते," मी म्हणाले.

"तूच काढ. ह्या बारीला मधी कुणी नगं."

मीच काढलं. ते सुईकडं बघत होते आणि मी त्यांच्या दंडाकडं. संध्याकाळच्या आत तो खळगा पिवळाधमक झाला. या वेळी लॅबमध्ये कुणी ओरडलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या झाल्या, ग्रंथीचा तुकडा काढून बघितला, तर कॅन्सरच निघाला. चुलत्यांच्या वेळी मान हलवणारे तेच मोठे डॉक्टर समोर होते. त्यांनी सगळे कागद दोनदा चाळले आणि म्हणाले, "बरं झालं आत्ताच आलात. अजून ग्रंथीच्या बाहेर पडलेला नाही. काढून टाकू."

मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि रस्त्यावर आप्पांना मिठी मारली. रिक्षावाले बघत होते. बापाला कॅन्सर झाल्याचं कळल्यावर इतकी आनंदानं वेडी झालेली मुलगी त्यांनी पाहिली नसेल.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात ऑपरेशन झालं. ते सोपं नव्हतं. नंतर कित्येक महिने लघवीवर ताबा नव्हता आणि ते दिवस आप्पांनी सगळ्या जगाला शिव्या देत काढले. पण हिंडूफिरू लागल्याबरोबर त्यांनी आसपासच्या गावांत फौजी गोळा करायला सुरुवात केली. कोणी म्हणाला, "हवालदार, मला तर काय हुईत न्हाई," की आप्पा त्याच्या पाठीत थाप मारायचे. "काय हुईत न्हाई? मग बरोबर टायमाला घावलास गड्या. चल!"

पुढच्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यात एवढी गर्दी झाली की काका आणि मी दोघंही सुया घेऊन बसलो. या खेपेला नळ्यांवर आकडे नव्हते. प्रत्येकाला नाव विचारायचं, त्याच्यासमोर नळीवर लिहायचं, आणि मगच सुई. आप्पांची पाळी आली.

"नाव?"

"बापाचं नाव इचारती?" मागं सगळी ओळ हसली.

"सांगा."

आप्पा ताठ झाले, टाचा जुळवल्या आणि लष्करातला नंबर, हुद्दा, नाव एका दमात सांगितलं. मी ते अक्षर अक्षर लावून लिहिलं. मगच सुई उचलली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी आप्पांच्या एकाच खळग्याकडं बघत बसले. ग्रंथीच काढलेली, त्यामुळं आता रंग चढला तर आजार मागं उरला असा अर्थ होता. शेजारचे पिवळे होत गेले. आप्पांच्या खळग्यात रंगच आला नाही, नुसतं पाणी होतं. डॉक्टर उठून यायच्या आत मी किंचाळले, आणि शेजारच्या अडतीतला माणूस पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

"आता काय सापडलं हो, बाई?"

"काहीच नाही!" मी म्हणाले, आणि त्याच्यासमोरच रडायला लागले.