गिटारच्या प्लेटवरचं नाव

तुमच्या आईने मान मोडून वळलेल्या विड्या रोज तिच्या डोळ्यांदेखत बाजूला काढल्या जातात आणि ज्या कारखान्यात हे चालतं त्याचंच नाव मिरवणारी गिटार तुमच्या गळ्यात आहे. अशा वेळी तुम्ही कोणापुढे वाजवाल?

हा प्रश्न मी टेबलाशी बसून रचलेला नाही. दोनतीन वर्षांपूर्वी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत, माझ्या मित्रासमोर तो उभा राहिला. उत्तर द्यायला त्याच्याकडे संध्याकाळच्या पाचपर्यंतचा वेळ होता.

आधी ‘छाट’ म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुन्हा वाचावं, नुकसान नाही. आमच्याकडे घरोघरी बायका विड्या वळतात. सकाळी सुपातला माल घेऊन कारखान्याच्या खिडकीपुढे रांग लावतात. खिडकीत चेकर बसतो. तो विड्यांचा कट्टा उलगडतो, चार विड्या दाबून बघतो, मूठभर बाजूला टाकतो आणि म्हणतो, “छाट.” म्हणजे नापास. नापास विडीची मजुरी नाही. ठीक आहे, वाईट मालाला मजुरी नाही असं समजू. पण ती विडी बाईला परत मिळत नाही आणि मोडूनही टाकत नाहीत. ती टोपलीत पडते, टोपली आत जाते. आत गेल्यावर त्या नापास विडीचं काय होतं, ते विडी ओढणाऱ्याला विचारा. त्याला पास आणि नापास एकाच पुड्यात मिळतात.

बायकांची मागणी एवढीच होती की छाटलेली विडी आमच्यासमोर मोडा. त्यासाठी आमच्या लाल झेंड्याच्या समितीने त्या दिवशी पाच वाजता कारखान्याच्या फाटकावर सभा ठेवली होती. पत्रकं आणि गाणी मी लिहिली होती. आमच्या कलापथकाकडे डफ होता, हलगी होती. पण त्या गल्लीत चारी बाजूंनी माग खडखडत असतात, त्यापुढे आमचा आवाज पोचत नसे. म्हणून मित्राची गिटार हवी होती. विजेवर चालणारी, कर्ण्यातून घुमणारी.

मित्र दिवसा मागावर असे आणि लग्नसराईत, जत्रांत ऑर्केस्ट्रात वाजवी. ऑर्केस्ट्रा विडी कारखान्याच्या मालकाचा. माढ्यापासून करकंबपर्यंत गावोगाव गाण्यांचे कार्यक्रम होत आणि दोन गाण्यांच्या मध्ये विडीचं नाव घेतलं जाई. गिटार मालकानेच त्याला दिली होती. तारांखाली, जिथे वाजवणाऱ्याचा हात घासतो, तिथे तिला एक पांढरी प्लॅस्टिकची प्लेट होती. त्या प्लेटवर हिरव्या ऑइल पेंटमध्ये, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत, कारखान्याचं नाव. अट स्पष्ट होती: वाजवतोस तोवर गिटार तुझी, नाव गेलं की गिटार गेली.

मी म्हणालो, हे नाव घेऊन तू त्या बायकांपुढे उभा राहू शकत नाहीस.

“टॉवेल बांधतो की,” तो म्हणाला.

“आणि हात कुठून फिरवणार? टॉवेलवरून?”

“तुला काय जातंय रे? तू कागदावर लिहितोस. तुझा कागद परत मागायला कोणी येत नाही.”

“मग येऊच नकोस. हलगीवर भागवू.”

“हां, भागवा. परवा भागवलं तसं. पहिल्या रांगेतल्या म्हातारीने विचारलं, सभा सुरू कधी होणार!”

भिंतीला टेकून त्याची अम्मा विड्या वळत होती. सूप मांडीवर, बोटं चालू. त्यांचं घर तेलुगू. तिचं मराठी कामापुरतं, पण नेमकं. ती वर न बघता म्हणाली, “भांडण नंतर करा. ते नाव काढायचं, का नाही काढायचं?”

“अम्मा, काढून काय? घासून निघत नाही. वरून दुसरा पेंट दिला तर दोन दिवस चिकटच राहतो. पाचला सभा आहे.”

“पेंट कशाला? मामा आहे ना.”

मामा म्हणजे तिचा भाऊ. तो जवळच्या डाइंगमध्ये सूत रंगवत असे. त्या दोघांना रंग म्हणजे दुकानातला डबा आणि ब्रश हे सुचतच नव्हतं. रंग म्हणजे उकळती टाकी. वस्तू बुडवायची, ढवळायची, काढायची. चादरीचं सूत रंगतं, लुगड्याचं सूत रंगतं, मग एवढीशी प्लेट का नाही? दुपारचा भोंगा झाला, मामा भाकरी खायला आला, त्यालाही हे लगेच पटलं. मलाही पटलं. त्या दिवशी टाकीत लाल रंग होता, तो आतपर्यंत मुरेल, गरम पाण्यात हिरवी अक्षरं सुटतील. एका दगडात दोन पक्षी.

मित्र अम्माकडे बघत राहिला. मग उठला. विडीची तोंडं दुमडायची तिची छोटी सुरी घेऊन त्याने स्क्रू सोडवले, तारा सैल केल्या, प्लेटला खालून बसवलेले भाग वायरींसकट गिटारच्या पोकळीत ठेवले आणि प्लेट मामाच्या हातात दिली. मामाने ती भाकरीच्या फडक्यात गुंडाळली आणि गेला.

गिटार जमिनीवर उघडी पडली होती. पोट फाडलेल्या जनावरासारखी.

आणि दाराबाहेर चेकरचा आवाज.

तो घरी कधी येत नसे. अम्माने त्याचा आवाज ऐकला मात्र, शेजारचं भिजवलेल्या पानांचं पोतं ओढून तिने गिटारवर टाकलं. आम्ही दोघं जागीच बसून राहिलो.

“काय ऑर्केस्ट्रा, आहेस का घरात?”

“या साहेब.” अम्मा उभी राहिली. खिडकीपुढे ती जशी उभी राहते तशीच, पदर सावरून.

“बसत नाही. पाच वाजता बंगल्यावर ये. मालकांच्या पुतणीचा साखरपुडा आहे. नवऱ्याकडची माणसं गाण्याची शौकीन आहेत.” मग माझ्याकडे बघून, “हे कोण? कवी का? पाच वाजता दुसरीकडेही काहीतरी आहे म्हणतात.”

मी तोंड उघडलं, पण मित्राने माझा गुडघा दाबला.

“येतो,” तो म्हणाला.

“गिटार पुसून आण. प्लेट चमकली पाहिजे. मालक म्हणाले, पाहुण्यांना नाव दिसू दे.” तो वळला आणि थांबला. उंबऱ्याजवळ स्क्रू पडले होते. त्याने चपलेने एक स्क्रू सरकवला. “हे कशाचे?”

“मागाचे,” अम्मा म्हणाली.

“मागाचे एवढे बारीक?”

“मागाला सगळंच लागतं साहेब. तुम्ही कधी चालवला नाही.”

तो पोत्याकडे बघत राहिला. पोत्याखालून गिटारची मान बोटभर बाहेर होती. मला ती स्पष्ट दिसत होती, त्याला दिसली की नाही हे मला अजून माहीत नाही. तो म्हणाला, “पानं जास्त भिजवू नका. उद्या विडी ओली आली तर मग म्हणू नका छाट झाली,” आणि गेला.

मग मी पोतं उचललं. पाण्याचे थेंब गिटारच्या पोकळीत गेले होते. मित्र फडक्याने एकेक वायर टिपत होता आणि मी त्याला विचारलं, “खरंच येतो म्हणालास?”

“म्हणालो.”

“म्हणजे बंगल्यावर जाणार?”

“प्लेट येऊ दे.”

“प्लेटचा काय संबंध? तू ठरव.”

“तुझ्या पत्रकात सगळं ठरलेलं असतं,” तो म्हणाला. “मालक असा, मजूर तसा. माझा हात त्या गिटारवर बसलाय रे. दुसरी गिटार मला कोण देणार? तुझी समिती?”

समिती देऊ शकत नव्हती. सुपात विडी पडल्याचा आवाज येत राहिला.

चार वाजून गेले तेव्हा मामा आला. ओल्या सुताच्या लडीत प्लेट गुंडाळलेली. त्याचा चेहरा बघूनच मित्र म्हणाला, “वितळली?”

“वितळली नाही. जरा वाकली.” मामाने लड उलगडली.

प्लेट लाल झाली होती. असा लाल की आमच्या झेंड्यालाही जमला नव्हता. हिरवा पेंट पूर्ण निघाला होता. पण जिथे जिथे तो पेंट होता, तिथे रंग शिरलाच नव्हता. लाल प्लेटवर पांढऱ्याशुभ्र अक्षरांत कारखान्याचं नाव, आधी कधी नव्हतं इतकं ठळक.

मामा खाली बसला. “सुताला आम्ही गाठ मारतो,” तो म्हणाला, “जिथं रंग नको तिथं. इथं मालकानं आधीच गाठ मारून ठेवलेली. ध्यानातच नाही आलं. बाहेर काढताना पापुद्रा सुटला तसा मी खूश! म्हटलं, गेला साला.”

“पुन्हा बुडवा,” मी म्हणालो.

“अजून बुडवली तर पापड होईल. आता टाकीही काळ्या रंगाला लावली.”

मित्राने प्लेट हातात घेतली. “झालं,” तो म्हणाला. “लाल म्हणून बंगल्यावर जाता येत नाही. नाव आहे म्हणून फाटकावर जाता येत नाही. करा आता क्रांती.”

मला त्या वेळी त्याचा राग आला. त्याहून जास्त मामाचा, टाकीचा, आणि त्या अक्षरांचा. पाचला अर्धा तासही नव्हता.

अम्माने सूप बाजूला ठेवलं. तिने प्लेट मागितली. दारातल्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, अंगठ्याने दाबली. अगदी चेकर कट्टा बघतो तशी. मग डोळे बारीक करून, नाकातून, त्याच्याच आवाजात म्हणाली, “छाट!”

मामा आधी हसला. मग आम्ही. मित्र सर्वांत शेवटी.

“एमिरा, काय रे, बघत काय बसलास?” तिने प्लेट त्याच्या मांडीवर टाकली. “लाव ती. फाटकावर चल.”

“अम्मा, गिटार जाईल.”

“माझी विडी रोज जाते.” एवढंच बोलून ती चप्पल शोधायला लागली.

वाकलेल्या प्लेटची भोकं जुळेनात. एक बाजू मी दाबून धरली, दुसरी मामाने, आणि मित्राने मिळतील तेवढे स्क्रू पिळले. एक कोपरा वरच राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा फाटकापुढचा रस्ता बायकांनी भरला होता. फाटक बंद; आत, छोट्या दाराशी, चेकर उभा. त्याने मित्राला बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. समोरच्या मागवाल्याकडून वायर आणली होती. मित्राने ती जोडली. कर्ण्यातून मोठी घरघर निघाली आणि सगळ्यांच्या माना वळल्या.

पुढच्या बाईने वाचलं. वाचता न येणाऱ्या बायकांनाही ते नाव ओळखू येत होतं. रोज खिडकीवर तेच असे. कुजबुज मागे मागे गेली.

“आगं, हे तर मालकाचं हाय!”

“कुणाकडनं आलास रं बाबा?” एकीने ओरडून विचारलं. “दोनी कडनं बिदागी हाय काय?”

मी माइककडे धावलो. माझ्याकडे शब्द होते. पण मित्राने माइक माझ्या हातातून घेतला. ऑर्केस्ट्रात तो कधी एक वाक्य बोलला नव्हता. तिथे बोलायचं काम निवेदकाचं. फाटकाच्या आत चेकरने एक पाऊल पुढे टाकलं. मित्राने गिटार पट्ट्यासकट वर उचलली, प्लेट बायकांकडे केली, तिच्यावर नख आपटलं आणि विचारलं, “पास?”

कोणाला कळलं नाही. घरघर चालू होती. मला वाटलं, गेलं सगळं.

मग मागून, अम्माच्याही मागून, एक म्हातारा आवाज आला. “छाट!”

आणि मग सगळीकडून. “छाट! छाट!” आयुष्यभर हा शब्द त्यांनी फक्त ऐकला होता. उच्चारायची पाळी पहिल्यांदा आली होती. हातवारे करून, नाकातून, चेकरसारखं मान हलवून त्या तो शब्द फेकत होत्या आणि हसून वाकत होत्या. मित्राने त्या शब्दाचा ठेका पकडला. तारा पुऱ्या लागलेल्या नव्हत्या, सैल कोपरा प्रत्येक फटक्याला खडखडत होता, हलगीवाला मागून धावत आला. माझं गाणं माझ्या खिशातच राहिलं. फाटकातलं छोटं दार आतून बंद झालं.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरचा माणूस गिटार न्यायला आला. मित्राने ती पुसली, तारा सैल करून दिली. त्या माणसाने प्लेट बघितली आणि म्हणाला, “ही काढून दे.” मित्र म्हणाला, “नाव तुमचं आहे. प्लेटसकट न्या.” तो दारातून दिसेनासा होईपर्यंत मित्र उभा होता. नंतर तो मागावर गेला. तो आता ऑर्केस्ट्रात नाही. बोटं अजून मांडीवर फिरत असतात, ते मी बघतो.

विड्यांचं म्हणाल तर सभेनंतर काही दिवस खिडकीत छाट मोडली गेली. बायकांसमोर, टोपलीवर, कडाकड. मग हळूहळू टोपली पुन्हा भरलेली आत जाऊ लागली. मी अम्माला विचारलं, असं कसं? ती म्हणाली, “बाहेरचं कोणी उभं असलं की मोडतात. कोणी नसलं की नाही मोडत.”

म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या कामाच्या वाटेवर विडी कारखान्याची खिडकी असेल. एखाद्या सकाळी, माल द्यायच्या वेळी, तिथे जाऊन उभे राहा. भाषण नको, घोषणा नको. रांगेच्या शेजारी उभे राहा आणि चेकरच्या हाताकडे बघत राहा. तो टोपली आत सरकवायला लागला, तर त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात एवढंच म्हणा: मोडा.