खळ्यावरच्या पायऱ्या

कल्याणला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो. मुरबाडहून एसटीनं जायचो, यायचो. गावाच्या टोकाची आमची आळी 'मागास वस्ती' आहे आणि तिचं पुनरुज्जीवन करायचंय, हे मला त्या ऑफिसातच कळलं. आळीत जन्म गेला, पण आपण मेलेलो आहोत हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब पाहणीला आले ते भर मे महिन्यात. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा. उघड्या गटारापाशी नाकाला रुमाल लावून जेमतेम मिनिटभर थांबले आणि आळीच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर जाऊन खूश झाले. "एवढी जागा नुसती पडीक!" ते आमचं खळं होतं. दिवाळीच्या सुमारास शेणानं सारवून सगळी आळी तिथं भात झोडते. मे महिन्यात ते रिकामंच असणार. आळीतली माणसं हात बांधून उभी होती, एकानं तोंड उघडलं नाही. साहेबापुढं मूग गिळून बसणारी ही जमात, असं मला तेव्हा वाटलं आणि मनातल्या मनात मी त्यांना शिव्या घातल्या.

मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. नकाशात त्या जागेवर 'वापरात नसलेली जागा' हे मीच लिहिलं. नोकरी नवी होती, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. नवी कसली डोंबलाची, तिसरं वर्ष होतं.

खळ्यावर अर्धगोल पायऱ्या झाल्या, लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसले. "इथं लोकांचा संवाद घडेल," साहेब उद्घाटनाला म्हणाले. आजवर तिथं संवाद केला तो कुत्र्यांनी. गटार उघडंच राहिलं.

मोठ्या शेतवाल्यांनी शेतातच खळी केली. अडकली ती शेजारची काकी. मागं-पुढं कुणी नाही, एवढंसं खाचर, त्यावर तिचं वर्षाचं जेवण. खळ्यावर चार घरच्या बाया तिच्यासोबत झोडायला उभ्या राहायच्या. रानात एकटीला ते जमणारं नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं भारे त्या पायऱ्यांवरच झोडले. दाणे ब्लॉकच्या फटींत गेले. दोन दिवस ती उकिडवी बसून काडीनं दाणे उकरत होती. मला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून तिचाच राग आला.

पुढच्या पावसात तिनं खाचर लावलंच नाही. ओट्यावर रेशनचा तांदूळ निवडत बसली होती. न राहवून मी म्हणालो, "काकी, त्या दिवशी तुमी सगळी उभी होतात. एकानं तरी सांगायचं ना साहेबाला, हे खळं आहे म्हणून?"

तिनं मान वर केली नाही.

"आमी कशाला बोलू रे? तू होतास ना टेप धरून. आपला पोरगा आहे, तो सांगेल, म्हणून सगळी गप राहिली."