घास उडवणारी कॅप्टन

कॅप्टनने हातावर काही खायला ठेवलं की आम्ही आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो, आणि तिथे काही म्हणजे काही दिसायचं नाही. हसू दाबताना इतरांचे ओठ थरथरतात, नजर चुकते. ही मात्र बँकेतल्या कॅशियरसारखी शांत. तुम्ही विश्वासाने नारळाची वडी तोंडात टाकायची, दाताखाली आंबटढाण बिंबलाची फोड यायची, कानातून वाफा निघायच्या, आणि समोर तिचा मोबाइल तुमचं तोंड टिपत असायचा. त्यानंतरही ती हसायची नाही. "परत एकदा खा, उजेड कमी होता," असं म्हणायची.

तिचे वडील आखातातल्या एका जहाजावर खलाशी होते. कॅप्टन ते नव्हते, पण आमच्या कॉलेजात हुकूम हिचा चालायचा म्हणून ती पदवी तिला मिळाली. दोन हजार सात-आठचा काळ. वडिलांनी पाठवलेला कॅमेऱ्याचा फोन आमच्या वर्गात सर्वांत आधी तिच्याकडे आला, आणि आम्हा सर्वांच्या जिभा धोक्यात आल्या.

माझा बळी आगळाने गेला. आगळ म्हणजे कोकमाचा खारट अर्क, सोलकढीत बेताने घालायचा. सरबताचं कोकम गोड. बाटलीत दोन्ही सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. उन्हातून राजिवड्याला, मच्छीमारांच्या वस्तीतल्या तिच्या घरी गेले तर तिने मोठ्या मायेने पेलाभर गार आगळ पुढे केलं आणि मी ते एका दमात प्यायले. आता ज्याला व्हायरल म्हणतात ते तेव्हा ब्लूटूथवर चालायचं. दोन फोन शेजारी धरून पोरं बसस्टँडवर ताटकळत उभी राहायची. काहींनी त्या क्लिपा स्क्रॅप लिहायच्या त्या साइटवरही चढवल्या. पुढे देवरूखला मावसबहिणीच्या लग्नात एका अनोळखी मुलीने मला गाठून विचारलं, "आगळ प्यायलेली ती तूच ना गो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

एवढं होऊनही तिच्या हातचं खायला कुणी नकार देत नसे, कारण तिच्या पिशवीत नेहमी दुसरा डबा असायचा. खोडी झाली की तो उघडायचा आणि त्यातून तिच्या आईने केलेली सांदणं नाहीतर रव्याची बोरं निघायची. "रडवलं तर खाऊपण द्यायला पायजे," हा तिचा कायदा. दुसरा कायदा जास्त कडक होता. "खोडी जिभेशी करायची. पोटाशी नाय, देवाशी नाय." कोण कुठला वार धरतो, कुणाला शेंगदाणे सोसत नाहीत, हे तिला आमच्या आयांइतकं पाठ होतं. ती मुसलमान, पण तिच्या घरचं खाऊ नको असं मला घरी कधी कुणी सांगितलं नाही, आणि हे त्या काळातही सगळ्याच घरांत घडत नव्हतं. तो विश्वास तिने मिळवला होता आणि ती तो डोळ्यांत तेल घालून जपत होती.

त्या पावसाळ्यात आमच्यातल्या सुधीरचे वडील मुंबईच्या इस्पितळात होते. हृदयाचं मोठं ऑपरेशन होतं. सुधीरच्या आईने, म्हणजे आमच्या काकींनी, देवापुढे शब्द दिला होता: माणूस घरी येईपर्यंत या घरात मासळी शिजणार नाही, कुणाच्या तोंडातही जाणार नाही. खालच्या आळीतलं ते घर एरवी माशाच्या कालवणाशिवाय भाताला हात न लावणारं. सुधीर आमटीभात गिळत होता, पण तक्रार करत नव्हता.

कॅप्टनच्या क्लिपा बघून एव्हाना सगळं कॉलेज खोड्या करायला लागलं होतं आणि कायदे कुणालाच ठाऊक नव्हते. प्रसन्न नावाच्या एका उपद्व्यापी मुलाने घरून जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, चटणी आणली आणि ती वडापावातल्या लसणीच्या लाल चटणीत कालवली; सुधीरची मासळी बंद, हीच त्याला गंमत. सुधीरला सर्दी, म्हणजे आयताच बकरा. कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या गाडीपाशी दोघातिघांनी फोन रोखले. सुधीरने वडापाव उचलला. मी आणि कॅप्टन शेजारीच होतो. मला नुसता लसणीचा वास आला, पण तिचं नाक राजिवड्याचं. ती एका ढांगेत पुढे झाली आणि तिने त्याच्या हातावर असा फटका मारला की वडापाव चिखलात जाऊन पडला.

क्लिप तेवढीच होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली एक मुलगी भुकेल्या पोराच्या तोंडचा घास उडवते. कुणीतरी त्याला 'माज' असं नाव दिलं आणि आठवड्याभरात ती हातखंब्याच्या रिचार्जच्या दुकानापर्यंत पोचली. सुधीरने तिच्याशी बोलणं टाकलं. वडापाव मातीत गेल्याचं त्याला काही नव्हतं, पण चारचौघांत त्याची शोभा झाली होती. वडील जहाजावर असताना घर बघणाऱ्या तिच्या मामूंनी ती क्लिप मच्छीबाजारात, परक्या माणसाच्या फोनवर पाहिली. घरी येऊन त्यांनी फोन कपाटात टाकला आणि सांगितलं, "कालेज बस् झालं. अन्न उडवतेस आनी सगला गाव बघतोय."

जवळ्याचं मला तिने त्याच दिवशी सांगितलं होतं. मी पेटून उठले. सगळ्यांना खरं सांगते म्हणून तिच्या घरी गेले, तर ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

"नाय सांगायचं," ती म्हणाली.

"अगो, पण तुझं शिक्षण?"

"सुधीरच्या आवशीला कळलं की घास तोंडापर्यंत गेला होता, तर ती काय करेल? तिकडे त्याच्या बापसाचं काय कमीजास्त झालं तर जन्मभर त्या घासाला धरून बसेल. म्हणेल, लागला असेल ओठाला. बापूस घरी येऊ दे. मग खुशाल सांग."

"आणि नाही आला तर?"

"तर कधीच नाय."

प्रसन्नलाही तिने निरोप धाडला होता की तोंड उघडलंस तर माझ्या हातचा मार खाशील. तो बिचारा आधीच इतका घाबरला होता की त्याला वेगळं बजावायची गरज नव्हती. मला तिचा राग आला, आणि त्या रागाखाली तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की मी तिच्यासोबत मुकाट्याने तांदूळ निवडायला बसले. पुढचे कितीतरी दिवस वर्गात तिची जागा रिकामी होती.

गणपती झाल्यावर सुधीरचे वडील घरी आले. बारीक झालेले, पण स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून. काकींनी बांगड्याचं तिखलं केलं आणि आम्हा मित्रमंडळींना जेवायला बोलावलं. कॅप्टनला बोलावणं नव्हतं. पानं वाढून झाली, सुधीरने भात कालवला, आणि मी म्हटलं, "जेवायच्या आधी मला एक सांगायचंय." मग सगळं सांगितलं. जवळा, सर्दी, फटका आणि पडवीतलं बोलणंही.

सुधीरचा हात पानातच राहिला. "थांबा, कुणी जेवू नका," एवढंच म्हणून काकींनी डबा घेतला, त्यात तिखलं आणि भात भरला, आणि पायात चपला सरकवून निघाल्या. सुधीर आणि मी मागोमाग. राजिवड्यापर्यंत त्या एकदाही मागे वळल्या नाहीत.

दार मामूंनी उघडलं. काकींनी त्यांना दारातच सगळं ऐकवलं, श्वास लागलेला असताना. मग आतून आलेल्या कॅप्टनच्या हातात डबा दिला.

"घरात अजून कुणी घास घेतला नाय. ह्यांनीपण नाय. आधी तू खायचंस."

कॅप्टनने झाकण उघडलं, वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "काकी, यात काय घातलं नाहीत ना?"

काकी तिथेच पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. किती महिन्यांनी हसत होत्या, देव जाणे. हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही. सुधीर खाली मान घालून उभा होता. मामूंनी काकींपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि भाचीकडे न बघता म्हणाले, "सोमवारी कालेजला जायचंय ना? मग नीट जेव."

कॅप्टनने सावकाश काटे बाजूला काढत बांगडा संपवला. तोवर काकी हलल्या नाहीत. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, रिकामा डबा उचलला आणि म्हणाल्या, "चला रे, आता ह्यांना वाढते."