पोटाचं होतं ते डोक्याला

पावसाळ्याच्या शेवटी बायकोला मोठा ताप आला. ताप गेला आणि दोन महिन्यांनी तिचे केस जायला लागले. उशीवर केस, पाटावर केस. मोरीच्या जाळीत तर रोज बोटं घालून ओढून काढावे लागत. ते मीच काढत होतो, तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही. "बाल बाद में देखेंगे बाबूजी, पहले खिलाइए." ही अंडं खात नाही म्हणून त्यांनी सोयाबीन आणि वाटाण्याची पावडर लिहून दिली, आणि विटामिनच्या पिवळ्या मऊ गोळ्या. पावडर दुधातून दिली की ही ओकायची. म्हणायची, "भिंतीचा चुना चाटल्यासारखं लागतं हो."

मी पलटणीत न्हावी होतो. जन्म डोक्यांवर गेला, बदलीवर झाशीला आलो तो इथलाच झालो. शाळा थोडकी, पण केसातलं मला कुणी शिकवावं हे मला खपत नाही. मी विचार केला, पोटात टाकलेलं डोक्यापर्यंत चढणार कधी? अर्धं वाटेतच जिरणार. त्यापेक्षा सरळ मुळाशी द्यावं.

मग मी लागलो. गोळीला टाचणी टोचायची, आतलं तेल तिळाच्या तेलात पिळायचं. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस धोतराच्या फडक्यातून गाळायचा. मोड आलेले मूग आणि मेथी पाट्यावर वाटायची, त्यात दही आणि दोन चमचे ती पावडर. हिला गच्चीवर उन्हात बसवून हे सगळं मी दाढीच्या ब्रशनं तिच्या डोक्याला लावायचो, रोज. सून इकडच्याच गरौठा गावची, बोली बुंदेली, मूग तिच्याच माहेरचे. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाबूजी, जे तो खाबे की चीज है, मूँड़ पे काए लगा रए?"

"तू पोळ्या बघ," मी म्हणालो.

ही मात्र डोळे मिटून बसायची. ओकारी आणणारी पावडर प्यायची टळली होती. आणि खरं सांगतो, लग्नापासून मी हजारो डोक्यांना हात लावला, हिच्या डोक्याला कधी लावला नव्हता. उरलेल्या केसांना चकाकी आली. मी आरसा धरला. ती म्हणाली, "शेजारणीला दाखवू नका. आहेत किती ते दिसेल."

मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या महालक्ष्मीला जाणं तिनं कधी चुकवलं नव्हतं. यंदा तीन गुरुवार घरातच बसली. "देवीपुढे वाकले आणि पदर सरकला तर?" मी लेप दाट केला. दोनाच्या चार गोळ्या पिळल्या. खायला ती चहा आणि टोस्टच मागायची, तेवढंच पोटात राहायचं, आणि मी म्हणायचो, असू दे, भूक येईल हळूहळू. चौथ्या गुरुवारी ती हट्टानं निघाली. स्वतःच्या दाराची पायरी उतरताना खाली बसली ती उठेनाच. मी उचलली. ओझंच नव्हतं.

डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, पहिल्यापेक्षा वाईट. "पाउडर, कैप्सूल रोज़ ले रही हैं?"

"जी," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, ती पण हो म्हणून. माझ्यासाठी खोटं बोलली. सून मागे उभी होती. हळूच म्हणाली, "बता दो बाबूजी. नईं तो हम बता दैहैं."

साहेबांसमोर चूक कबूल करायची सवय मला नाही. चूक झाली तरी मी कात्रीला दोष द्यायचो. त्या खोलीत दोष द्यायला काहीच सापडेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहब, खिलाया नहीं. सब सिर पे लगाया."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. ते म्हणाले, आता आठ दिवसांत पोटात अन्न टिकलं नाही तर भरती करावं लागेल, आणि या वयात भरती झालेलं माणूस कसं परत येतं ते तुम्ही जाणता.

आज पाचवा दिवस. पाट्यावर तेच मूग वाटतो, पण आता त्याचं कढण करतो, त्यात तीच पावडर, थोडा गूळ. सकाळी तिनं दात घट्ट मिटले.

"त्यापेक्षा डोकं चोळून द्या ना."

"आधी हे."

"मी काय तुमचा शिपाई आहे?"

मी दोन बोटांनी तिची हनुवटी धरून वर केली, वस्तरा लावताना धरतो तशी. तिनं हसू दाबलं आणि तोंड उघडलं. तीन चमचे गेले. मग मी नुसतं तेल घेऊन एका हातानं तिचं डोकं चोळत बसलो. बोटात केस येत होते, ते मी मांडीखाली सरकवत होतो. दुसऱ्या हातात तिच्या तोंडाखाली तसराळं धरून ठेवलं होतं. पाचही दिवस असंच बसतो, ओकारी येते का बघत. काल आली होती. आज अजून आली नाही.