राजाची घडीची सायकल

खुशाल हिवाळाभर राजा असायचा. वडशाच्या नाटक कंपनीत मुकुट, तलवार, पल्लेदार संवाद. सकाळी कंपनीची गाडी त्याला वडशाच्या स्टँडवर सोडायची. तिथून एसटी, आणि गावच्या फाट्यापासून पुढे जंगलातून तंगडतोड. म्हणून त्याला सायकल हवी होती, पण एसटीत मावेल अशी. म्हणजे घडीची. त्यातही चाकं मोठीच पाहिजेत, कारण मागे रुखमाला बसवायचं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोनं त्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. रात्रभराच्या प्रयोगानंतर त्या वाटेनं तिला चालवत आणायचं कसं?

सायकल मिळाली गडचांदूरला, बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडे. घडीचा खटका गंजलेला, कॅरियर गायब, म्हणून स्वस्त. पैसे मात्र रुखमानं तेंदूपत्ता तोडून कमावलेले. बाकीचं वडशाच्या अकरम सायकलवाल्यानं केलं. मधल्या बिजागरीला नवा खटका लावला, घडी सुटू नये म्हणून जुन्या ट्यूबचा पट्टा दिला, भंगारातलं दणकट कॅरियर जोडलं. त्यावरची गादी खुशालनं स्वतः शिवली, कंपनीच्या फाटक्या मखमली पडद्याची. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल?

काम पुरं झालं त्या सकाळी खुशाल प्रयोगाहून परतत होता. संध्याकाळी गावाजवळच दुसरा प्रयोग, त्याला दोघांनी जायचं ठरलेलं. रुखमाला धीर कुठला! पहिल्याच एसटीनं ती वडशाला आली आणि अकरमकडून सायकल घेऊन थेट स्टँडवर निघाली.

स्टँडवर चहाच्या टपरीपाशी दोन रसिकांनी खुशालला धरलं होतं. फोटो चालले होते. कानामागे रात्रीचा रंग तसाच.

"राजेसाहेब, तुमी एसटीची वाट पाहून राह्यले? आमाले वाटलं, चारचाकी असन!"

"ड्रायव्हर येऊन राह्यला ना," खुशाल म्हणाला. काय गरज होती?

तेवढ्यात रुखमा समोर येऊन थांबली. ठेवणीतली साडी, घामेजलेलं तोंड, तोंडभर हसू. "पाहा, कशी झाली? बसून तं पाहा!"

"हे कोन जी?" एकानं विचारलं.

"कंपनीचं सामान आहे. नाटकात लागते. ह्या बाई आणून देतेत."

रुखमानं त्याच्याकडे नीट पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. "हो जी साहेब, सामानच हाये. जमा करून देतो." खटका उघडला, सायकल मधून दुमडली, पट्टा आवळला. गावाकडची एसटी लागलेलीच होती. सायकल उचलून ती चढली, गाडी निघाली.

"बाई लय खमकी हाये!" रसिक हसला. खुशालही हसला.

दुपारच्या गाडीनं तो फाट्यावर उतरला. धुळीत सायकलच्या चाकांची ओळ थेट गावाकडे गेलेली. वाटेत माफीची वाक्यं जुळवली. सगळी नाटकातली वाटली, टाकून दिली.

अंगणात सायकल उभी होती. मखमली गादी काढून बाजेवर ठेवलेली, कॅरियरवर सरपणाची मोळी.

"रुखमा, संध्याकाळी नाटकाले..."

"मी कोन म्हणून येऊ?" तिनं मोळीची दोरी सोडता सोडता विचारलं.

ऊन कलल्यावर खुशाल एकटाच फाट्याकडे पायी निघाला. सायकलला हात लावायची त्याची छाती झाली नाही.