दुसऱ्यांच्या नावावर माझं रक्त

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. साताऱ्याकडच्या माझ्या माणसांजवळही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आठवीतून शाळा सुटली आणि मी काशीला आले. दुर्गाघाटावर एका गुरुजींच्या घरी स्वयंपाकाला. गुरुजींना मी काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू; दोघांनी लेकीसारखं ठेवलं. ते कधी विसरता येईल का?

मग हिपॅटायटिस सीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, घरोघरी तपासणी निघाली. गल्लीतली मराठी घरं परक्याला आत घेत नाहीत, म्हणून तपासणीवाल्यांनी मला शिकवून कामाला लावलं. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर सोडायचा. एक रेघ उमटली तर काही नाही, दोन उमटल्या तर आजाराची शंका.

पहिलं घर आमचंच. काका पूजेला बसणार होते. काकू ओरडल्या, "अगं, सोवळ्यात आहेत ते! शिवू नकोस!" काका हसले, "आमच्याच घरात राहून आमचंच रक्त काढतेस होय?" मीही हसले. ज्यांचं खाते, त्यांना आग्रह कसा करायचा? आणि मग — आत जाऊन मी माझंच बोट टोचलं. काकांच्या नावावर. एक रेघ. पुढच्या घरी सोवळं आडवं आलं, तिथेही तेच. त्याच्या पुढेही. आमची गल्ली साफ आहे, असं वर कळवलं गेलं. मला शाबासकी मिळाली.

तेव्हापासून आजाराचा कुठलाही आकडा ऐकला की वाटतं — हा तरी कुणाच्या रक्ताचा?

पुढे काकांच्या पोटात पाणी झालं. तोच आजार निघाला. काकू म्हणाल्या, "आमच्या हिने तपासलं तेव्हा काही नव्हतं. म्हणजे नंतरच लागला." नंतर काय बदललं होतं? काकांची दाढी करायला बनवारी न्हावी नव्याने येऊ लागला होता. झालं. त्याच्याच ब्लेडने लागला म्हणत सगळ्या गल्लीने त्याचं येणं बंद केलं.

एक दिवस तो दारात आला. "दीदी, हम हर बार नया ब्लेड लगाते हैं. जाँच तो आप ही की थीं, आप बोलिए न."

काकू माझ्याकडे बघत होत्या.

"मला काय माहीत?" — मी म्हणाले. मराठीत. त्याला ते कळलं असावं, कारण तो मागे वळला.

त्याचं ब्लेड नवं होतं की नाही, मला खरंच माहीत नाही. माझी तपासणी खोटी होती, हे माहीत होतं. तो पायरी उतरला आणि मी कडी लावली.