पट्ट्यावरचा हिरवा दिवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? — ठाऊक नाही. तोंडाशी आलंय, एवढंच.

उरवड्याच्या एका कारखान्यात मी कामाला आहे. तिथं आम्ही एक हेल्मेट तयार करत होतो. वळणापलीकडची गाडी, रस्त्यावरचं जनावर, सगळं त्याच्या काचेवर आधीच लाल चौकटीत दिसायचं, टुणटुण वाजायचं, मोटरसायकल आपोआप हळू व्हायची. रस्त्याकडेला रोवलेले खांब ही खबर द्यायचे. माले माझं गाव, म्हणून मालेच्या वळणावरचा खांब माझ्याकडे. काय मिरवायचे मी तेव्हा!

त्या वळणावर धोंडिबामामा आणि ठकूमामी रोज मेंढरं रस्त्यापार न्यायचे. आधी मामी पुढे व्हायची. रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभी राहायची, शेवटचं कोकरू पलीकडे जाईस्तोवर हलायची नाही. गाडीवाले शिव्या घालायचे, मामी दुप्पट घालायची. मीच तिला समजावलं — पुढच्या बकरीच्या गळ्यात हा पट्टा बांधा, त्यातली डबी कळप आल्याचं खांबाला कळवते, ती रात्रभर आमच्या ओट्यावर चार्जिंगला लावा, दिवा हिरवा झाला की झालं. काठीची गरज नाही.

"खरं का गं पोरी? गाडीवाल्याला आदीच दिसंल?"

"मामी, मी बनवलंय ते," मी म्हणाले. तशी हेल्मेटं जेमतेम चार होती — हे मात्र बोलले नाही. आणि तिनं माझं ऐकलं.

मग पाहुणे यायचा दिवस आला. आमचा चालक हेल्मेट घालून मालेहून येणार, आणि त्याला काचेत जे दिसेल ते पाहुणे कारखान्यात मोठ्या पडद्यावर बघणार. सकाळच्या सरावात मेंढरं खांबाखालीच चरत होती. पडदा लालेलाल, टुणटुण थांबेना, गाडी गोगलगायीसारखी. साहेब वैतागले. मी मालेच्या खांबावरची जनावरांची खबर बंद केली. मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न — असंच म्हटलं ना मी मनाशी? हो, असंच.

पडद्यावर वळण संपलं आणि मामी दिसली. रस्त्याकडे पाठ, काठी काखेत, मागे राहिलेल्या एका कोकराला हाकत होती. तिच्याभोवती, कोकराभोवती लाल चौकट आली नाही. गाडी हळू झाली नाही. अजूनही डोळे मिटले की तीच काच दिसते — स्वच्छ, आणि तिच्यात मामी.

चालक वाचला. मामी जागच्या जागी गेली.

कुणी बघायच्या आत मी खांबाची खबर पुन्हा चालू केली. चौकशीत सांगितलं, डबी चार्ज नव्हती. साहेबांना तेवढंच पुरलं. मी भ्याले होते — नोकरी जाण्याला, गावाला, मामांच्या डोळ्यांना. आणि मग मामांना तेच तोंडावर सांगितलं. ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी डबी हातात उलटसुलट करून पाहिली, आणि म्हणाले, "मीच दिवा बगाया इसरलो आसंन."

पुढे तो प्रकल्प गुंडाळला. खांब गंजला. पट्टेवाली बकरीही राहिली नाही. मामा मात्र रोज संध्याकाळी डबी घेऊन आमच्या ओट्यावर येतात. एकदा म्हटलं, "मामा, ते आता बंद झालंय. नका येऊ."

"आसू दे गं. येकदा इसरलो, त्येच लई झालं. पुन्यांदा न्हाई इसरायचो."

आजही आले होते. डबी लावली, आईनं दिलेला चहा घेतला. दिवा हिरवा व्हायला तास-दीड तास लागतो. तोवर ते त्याच्याकडे बघत बसतात, आणि मी आत दाराआड उभी असते.

त्या सकाळीही तो हिरवाच होता. कामावर निघताना मी पाहिला होता.